रोमन भव्यपट : रिंगण आणि आसन

प्राचीन रोमवरील भव्यपटांविषयी आमच्या व्यवसायबंधूंत बोलणे निघाले, की बहुधा दोनच सूर ऐकू येतात. पहिला इतिहासाच्या विपर्यासाचा. दुसरा 'काय ते देखावे, काय ते सैन्य' अशा भारावलेपणाचा. परंतु शंभराहून अधिक वर्षे लोक हे चित्रपट का पाहत आले आहेत, या प्रश्नाला दोन्ही सूर स्पर्श करीत नाहीत. आमच्या मते या आकर्षणाचा संबंध रोमच्या वैभवापेक्षा प्रेक्षक म्हणून आपल्याला मिळणाऱ्या आसनाशी अधिक आहे.

विपर्यासाचा मुद्दा प्रथम घेऊ. रिडली स्कॉट यांच्या 'ग्लॅडिएटर'मध्ये (२०००) सम्राट कमोडस रिंगणात मॅक्सिमसच्या हातून मरतो. वास्तविक मार्कस ऑरेलियस इ. स. १८० मध्ये निवर्तल्यावर कमोडसने सुमारे बारा वर्षे राज्य केले आणि १९२ च्या अखेरच्या दिवशी नार्सिसस नावाच्या मल्लाने त्याला गळा दाबून मारले. मॅक्सिमस तर काल्पनिकच. हे ठाऊक झाल्याने कोणाचा रसभंग झाल्याचे आमच्या तरी पाहण्यात नाही. आता भव्यता. याच बापलेकांवर अँथनी मान यांनी १९६४ मध्ये 'द फॉल ऑफ द रोमन एम्पायर' काढला. त्यासाठी माद्रिदजवळ रोमन फोरमची अवाढव्य प्रतिकृती उभारण्यात आली. चित्रपट साफ आपटला. छत्तीस वर्षांनी जवळजवळ त्याच कथावस्तूला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. या फरकाची कारणे अनेक असतील. पण एक आम्हांस महत्त्वाचे वाटते. मान यांच्या चित्रपटाचे केंद्र फोरम आहे, म्हणजे वादविवादाची आणि मिरवणुकांची जागा. स्कॉट यांच्या चित्रपटाचे केंद्र रिंगण आहे. आणि रिंगणाभोवती प्रेक्षकांच्या पायऱ्या असतात.

येथेच या चित्रप्रकाराचे मर्म आहे. इतर ऐतिहासिक चित्रपटांत आपण काळाच्या खिडकीतून आत डोकावणारे परके असतो. रोमन भव्यपटात मात्र आपली जागा आधीच राखून ठेवलेली असते. पडद्यावरची गर्दी रक्ताची मागणी करते, आपण तिचा तिरस्कार करतो. आणि त्याच क्षणी, तिला जे हवे तेच आपल्यालाही हवे असते. न. चिं. केळकरांनी वाङ्मयानंदाची उपपत्ती सांगताना 'सविकल्प समाधी'ची कल्पना मांडली. स्वतःचे भान न सोडता दुसऱ्याच्या भूमिकेत शिरण्याचा तो आनंद. रोमन भव्यपटात ही समाधी दुहेरी होते : आपण एकाच वेळी मरणाऱ्या योद्ध्याच्या भूमिकेत असतो आणि ते मरण पाहणाऱ्या गर्दीच्याही.

ही अडचण खुद्द रोमनांना अपरिचित नव्हती. सेनेका आपल्या सातव्या पत्रात सांगतो, की दुपारचा खेळ पाहून तो घरी परतला तो अधिक क्रूर होऊन. तेही माणसांत मिसळल्यामुळे. संत ऑगस्टीनच्या 'कन्फेशन्स'मध्ये त्याचा मित्र अलिपियस याची कथा आहे. मित्रांनी ओढून नेलेला अलिपियस डोळे घट्ट मिटून बसला. पण गर्दीची आरोळी कानांवर आली, कुतूहलाने डोळे उघडले, आणि मग ते मिटेनात. इतिहासकार कॅसियस डिओ तर कमोडसच्या खेळांना सिनेटर म्हणून स्वतः हजर होता. सम्राट शहामृगाचे तोडलेले मुंडके एका हातात आणि रक्ताळलेली तलवार दुसऱ्या हातात घेऊन सिनेटरांसमोर आला, तेव्हा त्यांना भीतीपेक्षा हसूच अनावर झाले. ते दाबण्यासाठी डिओने आपल्या माळेतील तमालपत्रे चघळली व शेजाऱ्यांनाही तसेच करण्यास सुचविले. सत्तेच्या पुढ्यात बसलेला प्रेक्षक किती पराधीन असतो, याचे याहून बोलके चित्र आम्हांस ठाऊक नाही.

या कसोटीवर काही चित्रपट पाहण्यासारखे आहेत. 'बेन-हर' (१९५९) ही मुळात ल्यू वॉलेस यांच्या १८८० च्या कादंबरीची कथा. तिचा संदेश सूडाचा त्याग हा. परंतु लोकांच्या स्मरणात राहिली ती रथांची शर्यत. विल्यम वायलर यांनी त्या शर्यतीत पार्श्वसंगीत ठेवलेच नाही. ऐकू येतात त्या टापा, चाके आणि प्रेक्षकांचा गजर. चित्रपट क्षमेचे माहात्म्य सांगतो आणि त्याआधी सूड मनसोक्त दाखवून घेतो. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण येथे चपखल बसावी. चित्रपट वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. मात्र आपल्याला दोन्ही भोग एकाच तिकिटात मिळतात, हे त्याच्या लोकप्रियतेचे एक कारण मानले पाहिजे.

'स्पार्टाकस'मध्ये (१९६०) निराळे घडते. कादंबरीकार हॉवर्ड फास्ट तुरुंगवास भोगून आलेले. पटकथाकार डाल्टन ट्रंबो हॉलिवूडच्या काळ्या यादीतले. या माणसांना सत्तेपुढे बसणे म्हणजे काय ते ठाऊक होते. कापुआच्या ग्लॅडिएटर-शाळेत दोन रोमन स्त्रिया करमणुकीसाठी लढवय्ये निवडतात. पहिली जोडी लढते, पण कुब्रिक आपल्याला वर सज्जात बसवीत नाहीत. आपण लाकडी कोठडीत असतो, पाळीची वाट पाहणाऱ्या स्पार्टाकस आणि ड्राबाच्या सोबत. लढाई फटींतून तुटक दिसते. पूर्ण दिसतात ते दोन चेहरे, एकमेकांची नजर टाळणारे. पुढे त्यांची झुंज चालू असताना वरच्या सज्जात राजकारणाच्या गप्पा रंगलेल्या असतात. जिंकलेला ड्राबा स्पार्टाकसला मारीत नाही. तो त्रिशूळ सज्जाकडे भिरकावतो, वर चढू लागतो आणि मारला जातो. ज्या दिशेने त्रिशूळ येतो, त्या दिशेला आपणही असतो.

'ग्लॅडिएटर'ने हाच धागा उचलला. प्रांतिक रिंगणात प्रतिस्पर्ध्यांना कापून काढल्यावर मॅक्सिमस तलवार प्रेक्षकांकडे फेकतो आणि तुमची करमणूक झाली ना, असा जाब विचारतो. प्रश्न बिनतोड आहे. परंतु उत्तराची वाट न पाहता चित्रपट आपल्याला अधिक मोठ्या रिंगणात, वाघांच्या आणि रथांच्या खेळाकडे नेतो. २०२४ च्या उत्तरभागात तर कलोसियममध्ये पाणी भरून शार्क सोडले गेले. जाब विचारणाऱ्याचाच पुढे खेळ झाला.

कोणी म्हणेल, की शोकांतिकाही परदुःखावरच जगते. खरे आहे. परंतु नाट्यशास्त्राने युद्ध आणि मरण अंकात प्रत्यक्ष न दाखविता प्रवेशकातून सूचित करावे असे म्हटले, आणि ग्रीक नाटकांतही असे प्रसंग बहुधा दूताच्या तोंडून कळतात. त्यामुळे लक्ष घावाकडून घाव सोसणाऱ्याकडे वळते. कोठडीच्या फटींतून कुब्रिक यांनी साधले ते हेच.

म्हणून विद्यार्थ्यांनी हे चित्रपट अवश्य पाहावेत असे आम्हांस वाटते. मात्र सम्राटाचे मरणवर्ष चुकले काय, याच्या जोडीने आणखी एक प्रश्न विचारावा : या क्षणी दिग्दर्शकाने मला कोठे बसविले आहे? सज्जात, पायऱ्यांवर, की कोठडीत? कादंबरी आणि नाटक वाचतानाही हा प्रश्न तितकाच उपयोगी आहे. रोमचे साम्राज्य बुडाले, पण पायऱ्यांवरची जागा अजून रिकामी झालेली नाही. आणि तेथे बसलेल्याला आपण बसलो आहोत याचे भान आणून देणे, एवढे तरी साहित्याच्या वर्गाला करता यावे.