पित्ताशय काढल्यानंतरचें ताट

पित्ताशयांतील खड्यांवर शस्त्रक्रिया करवून माणूस घरीं आलें, कीं त्याच्या ताटावरून घरांत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, अशक्तपणा आला आहे, भातावर तुपाची धार धरा; दुसरा म्हणतो, जन्मांत तुपाचा थेंब दाखवूं नका. आमच्या मलकापुरांतील ओळखीच्या घरांतून हा वाद आम्हीं अनेकदां ऐकला आहे. हें दुखणें पुरुषांपेक्षां स्त्रियांत अधिक. म्हणून ह्या खेपेस घरांतील वडील मंडळींनीं त्याचा थोडा विचार करावा, अशी आमची विनंति आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करूं. घशाशीं आंबट आलें, कीं आपण ‘पित्त झालें’ म्हणतों. तेव्हां पिशवीच काढली म्हणजे पित्ताची कटकट कायमची मिटली, असें वाटणें साहजिक आहे. पण ती आंबटाई जठरांतील आम्लाची होय. स्निग्ध पदार्थ पचविण्यास लागणारें पित्त यकृतांत तयार होतें, तें दिवसाकाठीं अर्धा ते एक लिटर. पित्ताशय तें सांठवून दाट करतें एवढेंच; त्यांत एका वेळीं सुमारें ३० ते ५० मिलिलिटर मावतें. कोठार गेलें म्हणून पीक थांबत नाहीं.

बर्लिन येथें कार्ल लांगेनबूख ह्या शस्त्रवैद्यानें १८८२ सालीं पित्ताशय प्रथम काढलें, आणि त्यावांचून माणूस नीट जगतो हें जगास दिसलें. पुढें १९८५ सालीं जर्मनींतच दुर्बिणीची शस्त्रक्रिया निघाली, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत डॉ. तेहेमटन उडवाडिया ह्यांनीं १९९० सालीं ती आपल्या देशांत आणली. पोटावरील लांब चीर गेली आणि रोगी बहुधा एक-दोन दिवसांतच घरीं येऊं लागला. साहजिकच पथ्याचे पहिले दिवस, जे पूर्वीं रुग्णालयांत जात, ते आतां आपल्या स्वयंपाकघरांत येऊन पडले आहेत.

कोठार नसल्यामुळें पित्त आतां आंतड्यांत सतत थोडें थोडें झिरपतें. एकाच जेवणांत पुष्कळ तूप-तेल आलें तर तें पुरें पडत नाहीं. पोट फुगतें व जड होतें. उलट, जास्तीचें पित्त मोठ्या आंतड्यांत उतरलें तर तेथें पाणी सुटून जुलाब होतात. बहुतेकांचा हा त्रास कांहीं आठवड्यांत वा महिन्यांत आपोआप कमी होतो.

तोंवर नियम एकच : थोडें, पण पुनःपुन्हां. दोन भरपेट जेवणांऐवजीं चार-पांच वेळां खावें. मऊ भात, मुगाचें वरण, दुध्या भोपळ्याची भाजी, ताजें ताक हें आरंभीं उत्तम. चहाचा एक चमचा तूप म्हणजे सुमारें ५ ग्रॅम स्निग्धांश. जेवणास तेवढेंच घेऊन पाहावें व सोसेल तसतसें वाढवावें. तूप अजिबात तोडण्याचें कारण नाहीं. अ, ड, ई व के हीं जीवनसत्त्वें स्निग्धांशावांचून अंगीं लागत नाहींत. मात्र तुपांत बुडविलेले रोडगे आणि शेगांवची कचोरी ह्यांनीं कांहीं काळ वाट पाहावी. शौचास पातळ होत असेल तर थोडें इसबगोल भरपूर पाण्याबरोबर घेतल्यास कित्येकांना गुण येतो.

आतां खरी अडचण. आपल्याकडे घरची सून सर्वांचीं पानें उठल्यावर, दुपारीं दोन वाजतां, एकदाच पोटभर जेवते. एकादशीस दिवसभर उपाशी राहून संध्याकाळीं तूप-दाण्याची साबुदाण्याची खिचडी खाते. ह्या दुखण्यास ह्याहून वाईट रीत सांपडणार नाहीं. जेवणामागून शौचास धांवावें लागतें हें ती लाजेनें बोलत नाहीं. मग खाणेंच कमी करते, लग्नकार्यास जाणें टाळते, वाळत जाते. आणि घर म्हणतें, ‘शस्त्रक्रिया तिला मानवली नाहीं.’ वस्तुतः जादा पित्त बांधून ठेवणारें कोलेस्टिरामीनसारखें औषध आहे. डॉक्टरांस सांगितलें तर तें मिळतें. न सांगितलें तर कसें मिळणार?

कांहीं लक्षणें मात्र पथ्यावर टाकूं नयेत. डोळे पिवळे होणें, लघवी गर्द होणें, हुडहुडीसह ताप, उजव्या बरगडीखालीं तीव्र कळ, न थांबणारी ओकारी, ह्यांपैकीं कांहीं दिसल्यास त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें. नलिकेंत खडा राहिला असणें किंवा पित्त आंत गळत असणें संभवतें. काढ्यांत दिवस दवडूं नयेत. वजन उतरत राहिलें किंवा शौचांतून रक्त गेलें, तरीही तपासणी लांबवूं नये.

घरच्या वडील स्त्रियांस आमचें एवढेंच सांगणें कीं, तिचें पान निदान सहा महिने पहिल्या पंगतीस मांडावें, आणि उपासाचें सांकडें तिला घालूं नये. तूप किती वाढावें ह्या वादापेक्षां ह्यानें तिचें पोट लवकर सुधारेल.