एका ओळीत बसणारा समाज

मागच्या पावसाळ्यात, ऐन अप्रेजलच्या आठवड्यात, आमच्या ऑफिसात शुक्रवारचं टेक टॉक होतं. एका सीनियरने पडद्यावर आलेख लावला. १०,००० माणसं, प्रत्येकाच्या खिशात १०० रुपये. दर फेरीला ज्याच्याकडे पैसे आहेत त्याने एक रुपया दुसऱ्या कुणाला तरी द्यायचा. कुणाला, ते फासा ठरवणार. इथे कुणी हुशार नाही, कुणी आळशी नाही, कुणी वशिल्याचा नाही. त्याने एंटर दाबलं आणि आमचा चहा संपायच्या आत हजारो फेऱ्या उरकल्या. सुरुवातीला १०० वर उभा असलेला एकच खांब घसरगुंडीसारखा झाला. डावीकडे कडक्यांची गर्दी, उजवीकडे मूठभर गबर. सगळा प्रोग्राम चार ओळींचा. टाळ्या पडल्या. मग तो म्हणाला, "बघा, विषमता हा निसर्गनियम आहे. कोड खोटं बोलत नाही." मागून कुणीतरी म्हणालं, "मग रेटिंगही फाशावरच द्या." हशा झाला आणि सगळे समोसे खायला गेले.

मी तेव्हा गप्प बसलो, याचा मला आजही राग येतो. म्हणून हा लेख.

आधी जे खरं आहे ते कबूल करतो. तो आलेख खरा आहे. २००० साली मेरीलँड विद्यापीठातल्या द्रागुलेस्कु आणि याकोवेंको या भौतिकशास्त्रज्ञांनी पैशाच्या अशा देवघेवीची तुलना वायूच्या रेणूंशी केली. रेणू एकमेकांवर आदळून ऊर्जा वाटून घेतात, तशी माणसं पैसा वाटून घेतात. एकूण रक्कम तीच राहते आणि वाटणी घातांकी वक्रावर जाऊन स्थिरावते. त्या वक्राचा हिशोब कागदावर करता येतो: ६३ टक्के लोक सरासरीच्या खाली, खालच्या अर्ध्या लोकांकडे एकूण पैशाचा जेमतेम १५ टक्के भाग, आणि वरच्या दहा टक्क्यांकडे ३३ टक्के. कुणीही लबाडी न करता. पहिल्यांदा कळलं तेव्हा मलाही रात्री झोप लागली नव्हती.

आता कोडकडे येऊ, कारण खरी गंमत आणि खरी लबाडी दोन्ही तिथे आहेत. दर फेरीला एक-एक रुपया इकडे-तिकडे सरकत असेल, तर १०० रुपयांचं अंतर कापायला साधारण १०० गुणिले १००, म्हणजे १०,००० फेऱ्या लागतात. १०,००० माणसं असतील तर दहा कोटी देवघेवी. पायथनमध्ये साधं लूप लिहून बसलात तर चहाच काय, जेवणही होईल. इथे ॲरे भाषा कामाला येतात. केनेथ आयव्हरसन यांनी १९६२ च्या पुस्तकात मांडलेल्या खुणांमधून एपीएल ही भाषा उभी राहिली. १९७९ मध्ये ट्यूरिंग पुरस्कार स्वीकारताना ते बोलले ते याच विषयावर, की खुणांची लिपी हे विचार करायचं साधन कसं असतं. पुढे १९९० मध्ये रॉजर हुई यांच्यासोबत त्यांनी 'जे' ही भाषा केली. या भाषांत तुम्ही 'एका माणसाचं काय करायचं' असा विचारच करत नाही. सगळी माणसं म्हणजे एक यादी, आणि जी क्रिया होते ती अख्ख्या यादीवर.

एक फेरी अशी होते. कुणाकडे शून्याहून जास्त आहे, असं यादीला विचारलं की उत्तर म्हणून एक आणि शून्यांची यादी मिळते. ती मूळ यादीतून वजा केली, की सगळ्यांचं देऊन झालं. कडक्यांतून शून्य वजा झालं, म्हणजे त्यांना वेगळी अट लावावी लागली नाही. मग घेणारे निवडायचे. प्रत्येकाच्या क्रमांकात एक ते 'एकूण वजा एक' यांमधली कुठलीही संख्या मिळवायची आणि एकूण संख्येने भागून बाकी घ्यायची. असं केलं की रुपया स्वतःलाच जाण्याचा प्रश्न उरत नाही. शेवटी कुठला क्रमांक किती वेळा आला ते मोजून यादीत मिळवायचं. जे भाषेत मोजायच्या आधी प्रत्येकाचा क्रमांक एकेकदा पुढे जोडतात आणि नंतर सगळ्यांतून एक वजा करतात, म्हणजे ज्याला काहीच मिळालं नाही तोही मोजणीत हजर राहतो. ही युक्ती वाचून मी खुर्चीतून उठून एक चक्कर मारून आलो होतो. अशा ओळी लिहिणाऱ्यांवर माझं प्रेम आहे. भांडण त्यानंतरचं आहे.

स्वतःची फजिती आधी सांगतो. मी हेच पायथनच्या नमपायमध्ये लिहिलं आणि मोजणी टाळून सरळ 'या क्रमांकांवर एक-एक वाढव' असं सांगितलं. एकच क्रमांक तीनदा आला तर नमपाय अशा वेळी वाढ एकदाच करतं. म्हणजे तिघांनी एकाला रुपया दिला, तर तिघांच्या खिशातून गेला आणि त्याच्या खिशात एकच पडला. हिशोब केला तर दर फेरीला दिलेल्या प्रत्येक १०० रुपयांतले सुमारे ३७ हवेत विरत होते. पहिला आलेख इतका छान आला होता, की मी तो मित्रांच्या ग्रुपवर टाकलासुद्धा. मग सहज बेरीज छापली. एवढ्या मोठ्या समाजाचं दिवाळं निघत होतं आणि प्रोग्रामने एक एरर दिली नव्हती. 'कोड खोटं बोलत नाही' म्हणणाऱ्याने अशी एक रात्र काढावी.

पण ही चूक बेरीज पाहिली की पकडता येते. बेरीज जुळूनही जे चुकतं, ते जास्त वाईट.

नियम खरं तर असा होता, की एका वेळी एक माणूस देतो, एक घेतो, मग पुढचा. वेग हवा म्हणून आपण काय केलं? सगळ्यांना एकाच ठोक्याला द्यायला लावलं. यादीवर काम करायचं तर दुसरा सोपा मार्ग नाही. आलेख दिसायला तसाच राहतो, बेरीज तीच राहते. मात्र हा रांगेच्या गणितातला जुना प्रश्न आहे आणि उत्तर मांडता येतं. सरासरी १०० रुपये असताना, एकेकाने देण्याच्या नियमात कुठल्याही क्षणी १०,००० पैकी साधारण ९९ जणांचा खिसा रिकामा असतो. सगळ्यांनी एकदम देण्याच्या नियमात साधारण ५० जणांचा. कारण इथे ठरल्या वेळी नेमका एकच रुपया जातो. तिथे लागोपाठ तीनदा पाळी येऊ शकते आणि मधे काहीच न मिळता खिसा रिकामा होऊ शकतो. प्रोग्राम वेगवान करताना आपण निम्मे कफल्लक गायब केले, आणि चार ओळींत त्याचा मागमूस नाही. सरासरी एक रुपयावर आणा, मग फरक डोळ्यांत भरतो: एकीकडे ५० टक्के कफल्लक, दुसरीकडे ४१.

वेगासाठी केलेला बदल मॉडेलमधला बदल असतो, हे मान्य करायला आमच्या धंद्यातल्या लोकांना फार जड जातं. आम्ही त्याला 'इम्प्लिमेंटेशन डिटेल' म्हणतो आणि पुढे जातो.

आणि नियम? एक रुपया देण्याऐवजी दोघांतल्या गरिबाच्या रकमेचा ठरावीक हिस्सा पणाला लावा, नाणं अगदी खरं ठेवा. हे 'यार्ड सेल' मॉडेल. अनिर्बान चक्रवर्ती यांनी २००२ मध्ये ते मांडलं. प्रत्येक डाव न्याय्य, तरी शेवटी जवळजवळ सगळा पैसा एकाकडे गोळा होतो. कारण साधं आहे. २० टक्के जिंकून २० टक्के हरलात तर १०० चे १२० होतात आणि १२० चे ९६. ज्याच्यासाठी ती रक्कम किरकोळ आहे त्याला हे जाणवत नाही, ज्याचं सगळं त्यात आहे तो झिजतो. उलट, कोलकात्यातल्या संशोधकांनी प्रत्येकाला काही हिस्सा बचतीत राखू दिला, तर घसरगुंडी मोडली आणि मधे उंचवटा आला, म्हणजे मध्यमवर्ग दिसू लागला. तीन नियम, तीन समाज. यांतला निसर्गनियम कुठला?

शिवाय या तिन्ही मॉडेलांत कुणी काही पिकवत नाही, बनवत नाही, शिकत नाही. नुसती देवघेव. २००६ मध्ये काही अर्थतज्ज्ञांनी भौतिकशास्त्रज्ञांना हेच जाहीरपणे सुनावलं होतं, आणि मला ते पटतं. आमचे समोसे ज्या कँटीनमधून येतात तिथला पोरगा सकाळी सहाला बटाटे उकडतो. तो फाशात कुठेच नाही.

"विषमता आपोआप येते" या वाक्याचा अर्थ खरं तर उलटा निघतो, हे मला सगळ्यांत जास्त खुपतं. कुणाचीही चूक नसताना लोक कडके होत असतील, तर गरिबाला 'तू कमी पडलास' म्हणायचा आधारच जातो, आणि गबराला 'मी कमावलं' म्हणायचाही. त्या शुक्रवारी मात्र तोच आलेख 'तक्रार करू नका' यासाठी वापरला गेला, तेही वाढ किती मिळणार याची वाट बघत बसलेल्या पोरांसमोर. आमचं रेटिंग फाशाने ठरत नाही, एका बंद खोलीत माणसं ठरवतात. त्यांनी निदान फाशाचा बुरखा तरी घेऊ नये.

घरी येऊन मी त्याच्या प्रोग्रामात एक ओळ घातली. दर फेरीला प्रत्येकाच्या खिशातून १०० रुपयांमागे दहा पैसे गोळा करायचे आणि सगळ्यांत सारखे वाटायचे. बाकी फासा तोच, देवघेव तीच. ॲरे भाषेत हे अगदी किरकोळ काम आहे: यादीचा हजारावा भाग वजा करा, त्याची सरासरी मिळवा. घसरगुंडी गेली. १०० च्या आसपास घंटेसारखा उंचवटा आला, साधारण दोन-तृतीयांश लोक ७८ ते १२२ रुपयांच्या मधे, आणि खिसा रिकामा झालेला जवळजवळ कुणी नाही.

दोन्ही आलेख शेजारी-शेजारी ठेवून मी त्याला पाठवले. वर कोडही जोडला, बेरजेच्या तपासणीसकट. अर्ध्या तासाने उत्तर आलं, "भारी आहे. पण मग चार ओळींत नाही बसत ना."