‘अनोळखी’ म्हणजे ‘परग्रहावरचे’ नव्हे

एखाद्या शब्दाचा मूळ अर्थ एक आणि जनमानसात रुजलेला अर्थ नेमका त्याच्या उलट, असा प्रकार भाषेच्या व्यवहारात अधूनमधून घडतो. ‘यू. एफ. ओ.’ ही इंग्रजी संज्ञा त्याचे ठळक उदाहरण होय. ‘ओळख न पटलेली उडती वस्तू’ एवढाच तिचा अर्थ. ती वस्तुतः अज्ञानाची कबुली आहे. परंतु ही तीन अक्षरे उच्चारताच ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे परग्रहावरून आलेले यान उभे राहते. ज्या वस्तूची ओळख पटलेली नाही असे म्हणायचे, तिचीच ओळख पटल्यासारखे बोलायचे, हा विरोधाभास कसा निर्माण झाला हे पाहणे उद्बोधक ठरेल.

या संज्ञेच्या आधी आली ती ‘उडती तबकडी’. २४ जून १९४७ रोजी केनेथ अर्नोल्ड हा अमेरिकन वैमानिक आपले छोटे विमान घेऊन वॉशिंग्टन राज्यातील माउंट रेनियर पर्वताजवळून जात असता त्याला नऊ चकाकत्या वस्तू विलक्षण वेगाने जाताना दिसल्या. पाण्यावर फेकलेली बशी जशी टप्पे घेत जाते तशी त्यांची चाल होती, असे त्याने सांगितले. उपमा होती चालीला. वृत्तपत्रांनी ती आकाराला लावली आणि ‘फ्लाइंग सॉसर’ हा शब्द काही दिवसांतच सर्वतोमुखी झाला. मराठीने बशीची तबकडी केली. गैरसमज मात्र जसाच्या तसा स्वीकारला.

चौकशी करणाऱ्यांना हा शब्द अडचणीचा वाटणे साहजिक होते. नाना आकारांच्या आणि नाना गतींच्या वस्तूंना ‘तबकडी’ म्हणणे म्हणजे चौकशीआधीच निकाल देणे. म्हणून अमेरिकन हवाई दलाच्या ‘प्रोजेक्ट ब्लू बुक’ या चौकशी-विभागाचे पहिले प्रमुख कॅप्टन एडवर्ड रूपेल्ट यांनी १९५२ च्या सुमारास ‘यू. एफ. ओ.’ ही निरुपद्रवी संज्ञा रूढ केली. तथापि तबकडीचा सारा अर्थ या नव्या शब्दाने अल्पावधीतच आपल्या अंगावर ओढून घेतला.

हवाई दलाने १९६९ मध्ये ही चौकशी बंद केली तेव्हा १९४७ पासूनच्या १२,६१८ नोंदी जमा झाल्या होत्या. ग्रह, तारे, उल्का, फुगे, विमाने अशी बहुतेकांची उकल झाली. ७०१ नोंदी, म्हणजे सुमारे साडेपाच टक्के, अनोळखी राहिल्या. खरा वाद आहे तो या शिल्लक आकड्याविषयी. श्रद्धाळू म्हणतात, हाच पुरावा. उपहास करणारे म्हणतात, हेही थोतांडच. दोघेही एकच चूक करतात. जेथे माहिती नाही तेथे ते निष्कर्ष भरतात.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकांना असा शिल्लक आकडा अपरिचित नाही. अमेरिकेच्या उत्पादनवाढीतील श्रम आणि भांडवल यांचा वाटा वजा केल्यावर फार मोठा भाग बेहिशेबी राहतो, असे १९५६ मध्ये मोझेस अब्रामोविट्झ यांना आढळले. त्यांनी त्या शेषाला आपल्या अज्ञानाचे माप म्हटले. पुढच्याच वर्षी रॉबर्ट सोलो यांनी १९०९ ते १९४९ या काळाचा हिशेब मांडला, तेव्हा दर श्रमतासामागील उत्पादनवाढीचा सुमारे सात-अष्टमांश भाग याच शेषात गेला. त्याला ‘तांत्रिक प्रगती’ हे नाव मिळाले खरे. पण नाव मिळाले म्हणजे कारण सापडले, असे न मानता अर्थशास्त्रज्ञ पुढील कित्येक वर्षे त्या शेषाची फोड करीत राहिले. शेष हा संशोधनाचा प्रारंभ असतो, समारोप नव्हे.

येथे शासनाची जबाबदारीही दृष्टिआड करता येत नाही. यू-२ हे अमेरिकेचे हेरगिरीचे विमान १९५५ पासून साठ हजार फुटांच्याही वर उडू लागले. त्या काळची प्रवासी विमाने त्याच्या कितीतरी खालून जात. हे विमान पाहणाऱ्यांना अधिकाऱ्यांनी सत्य सांगितले नाही. नैसर्गिक चमत्काराची लटकी कारणे पुढे केली. सी. आय. ए. नेच १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात याची कबुली आहे. लपवालपवी उघड झाली की पुढच्या खऱ्या खुलाशावरही कोणी विश्वास ठेवीत नाही, आणि अफवेला राजमान्यता लाभते.

अलीकडे शब्द पुन्हा बदलला आहे. अमेरिकन सरकारी कागदपत्रांत आता ‘यू. ए. पी.’, म्हणजे ‘ओळख न पटलेल्या विसंगत घटना’, अशी संज्ञा आढळते. ‘नासा’ने नेमलेल्या तज्ज्ञ-समितीने सप्टेंबर २०२३ मध्ये अहवाल दिला. परग्रहाशी संबंध जोडणारा पुरावा तीत आढळला नाही. मात्र उपलब्ध नोंदी इतक्या त्रोटक आहेत की पुष्कळ घटनांविषयी काहीच ठरविता येत नाही, असेही समितीने स्पष्ट केले. उपाय सुचविला तो साधा: उपकरणे नीट असावीत, नोंदी काटेकोर व्हाव्यात आणि नोंद करणाऱ्याची टवाळी होऊ नये.

परंतु नुसत्या नामांतराने वृत्ती बदलत नाही, हे रूपेल्ट यांच्या शब्दाचे जे झाले त्यावरून दिसतेच. ‘माहीत नाही’ हे पूर्ण आणि प्रतिष्ठित उत्तर आहे, ही जाण समाजात जोवर रुजत नाही, तोवर अज्ञानासाठी घडविलेला कोणताही शब्द लवकरच एखाद्या समजुतीचे नाव होऊन बसेल. वर्गात ‘ठाऊक नाही, शोधू या’ असे म्हणणाऱ्या शिक्षकाचा आणि उत्तरपत्रिकेत ठोकून देण्याऐवजी जागा कोरी सोडणाऱ्या विद्यार्थ्याचा मान ज्या दिवशी वाढेल, त्या दिवशी या तीन अक्षरांना त्यांचा मूळ अर्थ परत मिळेल.