मुलावर वहिवाट लागत नाही



परक्या जमिनीवर बारा वर्षे उघड ताबा ठेवला की मूळ मालकाचा हक्क बुडू शकतो, हे सातबाऱ्याच्या भांडणात पोळलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. हाच न्याय पोटच्या पोरीला लावला तर? ग्वाटेमालातल्या एका आईला तो लावला गेला.

नोव्हेंबर 2006. ग्वाटेमाला सिटीलगतच्या वस्तीतून तिची दोन वर्षांची मुलगी पळवली गेली. आई पोलिसांकडे गेली, आणि तिकडे दलाल कागद रंगवायला बसले. आधी एका बाईला मुलीची आई म्हणून उभे केले. डीएनए चाचणीत ते खोटे पडले. फाईल तिथेच पोलिसांकडे जायला हवी होती. पण तीच मुलगी नाव बदलून बेवारस ठरवली गेली आणि डिसेंबर 2008 मध्ये एका अमेरिकी दांपत्याबरोबर मिसुरी राज्यात पोहोचली.

मुले हरवलेल्या आया तोवर नॉर्मा क्रूझ यांच्या 'सोब्रेविव्हिएन्तेस' या संस्थेच्या पाठबळाने उपोषणाला बसल्या होत्या. तेव्हा कुठे दत्तकाच्या फायली उघडल्या. एका फोटोत या आईने लेक ओळखली आणि डीएनएने तिला खरे ठरवले. जुलै 2011 मध्ये ग्वाटेमालाच्या न्यायाधीशांनी हुकूम दिला: मुलगी आईला परत करा, ज्यावर ती देशाबाहेर गेली तो पासपोर्ट रद्द करा, दोन महिन्यांत परत आली नाही तर इंटरपोलकडे जा. त्याच वर्षी या प्रकरणात दोन महिलांना, त्यातली एक वकील, 21 आणि 16 वर्षांची सजा झाली.

गुन्हा सिद्ध झाला, गुन्हेगार तुरुंगात गेले आणि मुलगी मात्र मिसुरीतच राहिली.

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचे उत्तर वाचण्यासारखे आहे. पळवलेली मुले परत करण्याचा हेग करार दोन्ही देशांत लागू झाला 1 जानेवारी 2008 रोजी. मुलगी पळवली 2006 मध्ये. सबब करार लागू नाही. अहो, पण तिला देशाबाहेर नेले कधी? करार लागू झाल्यावर अकरा महिन्यांनी! कारकुनालाही दिसेल ते महासत्तेला दिसले नाही.

हे एकटे प्रकरण असते तर हे पत्रक काढले नसते. ग्वाटेमालात 1977 च्या कायद्याने दत्तकाचे काम नोटरी-वकिलांच्या हाती दिले होते. न्यायाधीशापुढे फाईल जायलाच हवी असे नव्हते, आणि आई, मूल, दत्तक घेणारे या सगळ्यांचा वकील एकच असू शकत होता. 2007 या एका वर्षात अमेरिकेत सुमारे 4,700 मुले गेली. संयुक्त राष्ट्रांच्या पाठिंब्याने नेमलेल्या आयोगाने नंतर रखडलेली प्रकरणे तपासली, तेव्हा निम्म्याहून अधिकांत गैरप्रकारांच्या खुणा सापडल्या. या बाजाराला सद्भावना म्हणत राहणारे धन्य होत.

आता नेहमीचा आक्षेप. मूल तिथे रुळले, त्याला उपटायचे कशाला? आम्हीही म्हणतो, पोलीस पाठवून सात-आठ वर्षांच्या एखाद्या पोरीला ओढून आणू नका. फसवले गेलेले दत्तक आईबापही काही राक्षस नसतात. पण मुलीचे हित कशात आहे ते ठरवताना तिच्या जन्मदात्या आईला खुर्ची नको? भेट नको? मुलीला तिचे खरे नाव, खरी जन्मतारीख नको? निकाल लागायला उशीर होतो, त्या उशिरात मूल रुळते, आणि रुळले म्हणून निकाल बाजूला पडतो. यात फायदा नेमका चोराचा होतो. 1993 च्या दत्तकविषयक हेग करारात तर रीतसर दाखला मिळालेल्या दत्तकाला सगळ्या सदस्य देशांत आपोआप मान्यता आहे. तो दत्तक पुढे खोटा निघाला तर तो रद्द कसा करायचा, याची सविस्तर तरतूद त्यात नाही.

पुणेकरांनी हे दूरदेशीचे म्हणून सोडू नये. आपल्याच शहरातल्या प्रीत मंदिर संस्थेच्या दत्तक व्यवहारांची चौकशी मुंबई उच्च न्यायालयाला सीबीआयकडे द्यावी लागली होती. आंतरदेशीय दत्तकांना लगाम घालणारा लक्ष्मीकांत पांडे खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 1984 मध्येच दिला होता, तरीही! आज परदेशी वाढलेल्या मुलांना आपले मूळ शोधायची सोय नियमांत आहे. मात्र तो शोध त्रयस्थामार्फत करता येत नाही. आणि जिचे मूल पळवले गेले त्या आईसाठी काय आहे? कायदा मूल सोपवणाऱ्या आईला फेरविचाराला साठ दिवस देतो. जिने काही सोपवलेच नाही, तिने कुठल्या टेबलावर जायचे?

म्हणून आमचे मागणे असे. हरवलेल्या मुलांच्या पोलीस तक्रारी आणि परदेशी दत्तकांच्या जुन्या फायली शेजारी ठेवून तपासा. आईबापांना सरकारी खर्चाने डीएनए चाचणी आणि वकील द्या. इथल्या न्यायालयाने दत्तक फसवणुकीचा ठरवला, तर परदेशातल्या न्यायालयात त्या आईच्या बाजूने भारत सरकारने स्वतः उभे राहावे. तिला एकटीला दूतावासाचे उंबरे झिजवायला लावू नये.

पत्रकासोबत निवेदनाचा कागद आहे. वाचा, पटले तर सही करा, आणि आपल्या आमदार-खासदारांना हे प्रश्न तोंडावर विचारा.

— काही पुणेकर नागरिक