मोटारीतील संगीत : दर्जा हवा, दणदणाट नको

नागपूर (प्रतिनिधी) : नवी मोटार घेतल्यानंतर पहिल्या काही महिन्यांतच अनेक मालकांना तिच्यातील कंपनीची ध्वनियंत्रणा अपुरी वाटू लागते. मग स्पीकर बदलण्याचा, डिकीत सबवूफर बसविण्याचा आणि आसनाखाली ॲम्प्लिफायर दडविण्याचा विचार सुरू होतो. वर्धा मार्गालगत वाढलेल्या मनीषनगरसारख्या वसाहतीत या हौसेला दोन बाजू आहेत. चाकामागे बसलेल्याला तो प्रवासातील विरंगुळा असतो, तर दाटीने उभ्या असलेल्या सदनिकांमध्ये झोपलेल्या शेजाऱ्याला रात्री अकरा वाजता खिडकीचे तावदान थरथरविणारा उपद्रव. म्हणूनच या विषयाकडे तंत्र, खर्च आणि कायदा अशा तिन्ही अंगांनी पाहणे अगत्याचे ठरते.

कमतरता कोठे असते?

मूळ यंत्रणा साधी असण्याचे कारण किमतीत दडलेले आहे. खालच्या श्रेणीच्या मोटारींत कागदी शंकूचे, लहान चुंबकाचे स्पीकर बसविले जातात. यंत्रावर 'चार गुणिले ५० वॅट' असे छापलेले असले तरी तो क्षणिक कमाल आकडा असतो. मोटारीच्या विद्युतप्रणालीत इंजिन सुरू असताना सुमारे १४.४ व्होल्ट दाब मिळतो. त्यावर चार ओहमच्या स्पीकरला सलग देता येणाऱ्या शक्तीची सैद्धांतिक मर्यादाच साधारण २५ वॅट आहे. प्रत्यक्षात हाती येतात ते १५ ते २० वॅट. आवाज वाढविताच तो फाटतो, याचे मूळ येथे आहे.

मोटार कंपन्यांनाही ग्राहकांची ही नाराजी ठाऊक आहे. टाटा मोटर्सने २०१४ मध्ये 'झेस्ट'साठी हरमन कंपनीची यंत्रणा घेतली. महिंद्राच्या २०२१ मधील 'एक्सयूव्ही ७००' मध्ये सोनीचे १२ स्पीकर आले. मात्र ही चैन बहुधा वरच्या श्रेणीपुरती राखीव असते. केवळ चांगल्या आवाजासाठी वरची श्रेणी घ्यायची, की खालची घेऊन बाहेरून सुधारणा करून घ्यायची, हा ग्राहकापुढील खरा हिशेब आहे.

बदलाचा योग्य क्रम

पूर्वी हा हिशेब सोपा होता. डॅशबोर्डवरील १८० बाय ५० मिलिमीटरच्या ठरावीक खाचेतून जुना टेप काढायचा आणि नवा सरकवायचा. आता त्याच पडद्यावर मागचा कॅमेरा, वातानुकूलन आणि वाहनाच्या सूचना एकवटल्या आहेत. तो काढणे म्हणजे अर्ध्या मोटारीचे नियंत्रण काढण्यासारखे आहे. त्यामुळे मूळ पडदा तसाच ठेवून पुढचे भाग बदलणे श्रेयस्कर ठरते.

त्यातही खर्चाचा क्रम महत्त्वाचा आहे. ॲम्प्लिफायरची शक्ती दुप्पट केली तरी आवाज अवघा तीन डेसिबलने वाढतो; कानाला तो दुप्पट भासण्यासाठी शक्ती सुमारे दहापट करावी लागते. उलट दरवाजाच्या पत्र्याला आतून ब्युटाइलचे थर लावून रस्त्याचा गोंगाट तीन डेसिबलने कमी केला, तर गाणे तेवढेच अधिक स्पष्ट ऐकू येते आणि बॅटरीवर कोणताही भार पडत नाही. प्रथम दरवाजांचे थर आणि पुढचे दोन चांगले स्पीकर, त्यानंतर गरज भासल्यास लहान ॲम्प्लिफायर, आणि सर्वांत शेवटी सबवूफर, हा क्रम म्हणूनच शहाणपणाचा. व्यवहारात तो अनेकदा उलटा होतो. दणका देणारा सबवूफर आधी येतो आणि फाटक्या आवाजाचे मूळ स्पीकर तसेच राहतात.

धोका तारेत

हजार वॅटचा ॲम्प्लिफायर ५० टक्के कार्यक्षमतेने पूर्ण क्षमतेवर चालला, तर तो सुमारे १४० अँपिअर प्रवाह ओढेल. सर्वसाधारण लहान मोटारीच्या अल्टरनेटरला हा भार सलग पेलणारा नाही. पातळ तार वापरली, किंवा बॅटरीपासून अर्ध्या मीटरच्या आत फ्यूज बसविला नाही, तर शॉर्टसर्किट होऊन आग लागण्याचा धोका संभवतो. काही मोटारींच्या दरवाजात बाजूच्या एअरबॅगचे दाबसंवेदक असतात; तेथे मनमानी छिद्रे पाडणे जिवावर बेतू शकते.

मूळ तारा कापल्यास हमी नाकारली जाण्याची शक्यता असते. तारा न कापता जोडता येणारे कपलर मिळतात. कारागिराकडे त्यांचाच आग्रह धरावा. नव्या यंत्रणेची नोंद विमा कंपनीकडे करून पॉलिसीत 'आयएमटी-२४' हे कलम जोडून घ्यावे, अन्यथा चोरी किंवा अपघातानंतर या साहित्याची भरपाई मिळणे कठीण होते.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरणाऱ्या बदलांना मनाई करते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याच कलमाचा कडक अर्थ लावला. प्रमाणपत्रात स्पीकरची नोंद नसते, त्यामुळे स्पीकर बदलणे हा आपोआप गुन्हा ठरत नाही. परंतु कलम १९०(२) अन्वये रस्त्यावर ध्वनिनियंत्रणाच्या मानकांचा भंग केल्यास पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद, १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. खासगी ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या सीमेवर या मर्यादेपेक्षा पाच डेसिबलहून अधिक असता कामा नये. घराला सीमा असते; धावत्या मोटारीची सीमा कोठे मानायची? नियमाची अडचण नेमकी येथे आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने ती सोपी केली आहे. वाहनापासून ५० फुटांवर, म्हणजे सुमारे १५ मीटरवर, संगीत ऐकू आले की नियमभंग. त्यासाठी मोजयंत्राची गरज पडत नाही. असा सुटसुटीत निकष आपल्याकडेही आल्यास पोलीस आणि नागरिक दोघांचेही काम हलके होईल.

प्रश्न कानांचाही

जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनेनुसार ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास ऐकणे ही प्रौढांसाठी सुरक्षित मर्यादा आहे. पुढे दर तीन डेसिबलला ही वेळ निम्मी होते. ९२ डेसिबलला ती आठवड्याला अवघी अडीच तास उरते. रोज अर्धा तास कार्यालयात जाणारा आणि अर्धा तास परतणारा नोकरदार ही मर्यादा तिसऱ्याच दिवशी ओलांडतो. शिवाय इतक्या आवाजात मागून येणाऱ्या रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू येईल, याची शाश्वती नाही.

नोव्हेंबर २०२० मध्ये मनीषनगरचा रेल्वे उड्डाणपूल खुला झाला आणि वर्धा मार्गाकडे जाणे सुलभ झाले. रस्ते मोकळे होतात तशी वाहनेही वाढतात, आणि त्यांच्याबरोबर आवाजही. कायदा स्पष्ट होईपर्यंत एक घरगुती कसोटी प्रत्येकाला लावता येईल. नवी यंत्रणा बसविल्यावर काचा बंद करून नेहमीच्या आवाजात गाणे सुरू ठेवावे, खाली उतरून संकुलाच्या कुंपणाशी उभे राहावे. तेथे ठोके ऐकू आले, तर खर्च संगीतावर झाला की गोंगाटावर, याचे उत्तर मालकाला आपोआप मिळेल.