पगार फुकटचा नव्हता, शिक्षणही सुरू नव्हतं

'दीड वर्ष मास्तरांनी घरी बसून पगार खाल्ला.' कोविडच्या काळातलं हे वाक्य अजून विरलेलं नाही. शिक्षकांच्या जुन्या पेन्शनचा विषय निघो, बदल्यांचा निघो की सुट्ट्यांचा, कुणीतरी ते काढतंच आणि भोवतालचे माना डोलावतात. त्यावर शिक्षकांच्या बाजूनं ठरलेलं उत्तर येतं, 'शाळा बंद होती, पण शिक्षण सुरू होतं.' शासनाच्या उपक्रमाचं नावच 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू आहे' असं होतं, त्यामुळे या उत्तराला सरकारी शिक्क्याचं वजनही येतं. माझ्या मते ही दोन्ही वाक्यं खोटी आहेत. पहिलं शिक्षकाचे कष्ट पुसतं, दुसरं मुलांचं नुकसान झाकतं. दोन्ही एकत्र खोडल्याशिवाय त्या काळात नेमकं काय बिघडलं हे हाती लागणार नाही.

आधी घरी बसण्याचं पाहू. मार्च 2020 च्या मध्यावर शाळा बंद झाल्या आणि थोड्याच आठवड्यांत शिक्षकांच्या हातात कोविड ड्युटीचे आदेश पडू लागले. जिल्ह्याच्या हद्दीवरच्या नाक्यावर येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नोंदी, शाळेच्याच इमारतीत उघडलेल्या विलगीकरण कक्षावर पाळी, रेशन दुकानावर देखरेख, बाधिताच्या संपर्कात आलेल्यांचा शोध. सप्टेंबरमध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम आली, तेव्हा घरोघर फिरून ताप आणि ऑक्सिजन मोजणाऱ्या पथकांतही शिक्षक होते. शिक्षण हक्क कायद्याच्या 27 व्या कलमानुसार जनगणना, निवडणुका आणि आपत्तिनिवारण या कामांना शिक्षकांना लावता येतं. म्हणजे आदेश कायद्याला धरून होते आणि ती कामं कुणीतरी करणं भागच होतं. त्या कामांबद्दल माझी तक्रार नाही. कोविडच्या कामावर असताना मृत्यू आला तर वारसांना 50 लाख रुपये देण्याची तरतूद सरकारनं केली होती. ज्या कामासाठी अशी तरतूद करावी लागते, ते काम केलेल्यांना घरबसे म्हणणं हा कृतघ्नपणा आहे.

पगाराबद्दल बोलायचं तर सगळे शिक्षक एका तराजूत तोलता येत नाहीत. कायम शिक्षकांचा पगार चालू राहिला, हे खरं. मार्च 2020 च्या पगारातला चौथा हिस्सा तेवढा मागाहून मिळाला. पण शिक्षणसेवकाला त्या काळात प्राथमिक शाळेत महिन्याला 6,000 रुपये मानधन होतं. ज्या स्मार्टफोनवरून त्यानं शिकवायचं होतं, त्याची किंमत त्याच्या महिन्याच्या मानधनापेक्षा जास्त होती आणि फोन व डेटा त्यालाच विकत घ्यायचा होता. विनाअनुदानित शाळांतल्या शिक्षकांची गोष्ट याहून वाईट. पालकांकडून फी आली नाही म्हणून कुठे निम्मा पगार, कुठे काहीच नाही. त्यांच्यातले कितीतरी जण भाजीच्या गाडीवर उभे राहिले, शेतमजुरीला गेले. 'मास्तरांनी पगार खाल्ला' असं सरसकट म्हणणाऱ्याच्या डोळ्यांसमोर हे लोक कधीच नसतात.

दुसरा आक्षेप कामाच्या तासांचा. जून 2020 मध्ये ऑनलाइन वर्गांना वेळेची मर्यादा घातली गेली. तिसरी ते पाचवीला रोज एक तास, सहावी ते आठवीला दोन, नववी ते बारावीला तीन. मुलांच्या डोळ्यांचा विचार करता ते योग्यच होतं. त्यावरून लोकांनी हिशोब मांडला, की गुरुजींना दिवसाचं काम एका तासाचं. हा हिशोब करणाऱ्याला वर्गात शिकवणं कसं चालतं याची कल्पना नाही. चाळीस मुलांच्या वर्गात बाई भागाकार समजावतात तेव्हा एकदाच समजावतात. मग बाकांमधून एक फेरी मारतात. कुणाची पेन्सिल थांबली आहे, कुणी शेजाऱ्याच्या वहीत डोकावतंय, कुणाचं उत्तर बरोबर आलं पण रीत चुकली, हे त्यांना त्या एका फेरीत दिसतं, आणि जागच्या जागी दुरुस्तही होतं. फोनवर ती फेरी मारता येत नाही. तिथे एकाच गोष्टीचे चाळीस फोन होतात.

सांगली जिल्ह्यातल्या एका द्विशिक्षकी शाळेतल्या बाईंचं त्या वर्षीचं काम मी जवळून पाहिलं आहे. चौथीच्या गटावर सकाळी त्या अभ्यास टाकायच्या, पण दिवसभर उत्तर येत नसे, कारण घरातला एकमेव फोन बापाच्या खिशात वीटभट्टीवर गेलेला असे. रात्री आठ-साडेआठनंतर वह्यांचे फोटो येऊ लागत. तिरपे, अंधारे, अर्ध्या पानावर फोन धरणाऱ्याची सावली. बाई दोन बोटांनी फोटो ताणून आकडे वाचायच्या. साताने भागताना पोरानं पाढाच चुकवला आहे की पुढचा अंक खाली उतरवायचा राहिला आहे, हे त्या धूसर फोटोवरून ओळखायच्या आणि प्रत्येकाला आवाजी निरोप पाठवायच्या, 'बाळा, साताचा पाढा परत म्हण बरं, आणि मला म्हणून पाठव.' एखादी आई उलट फोन करायची. तिला स्वतःला वाचता येत नसे, म्हणून बाई आधी तिला समजावत, मग पोराला. त्यांची स्वतःची सहावीतली मुलगी तोच फोन आपल्या तासासाठी मागत शेजारी बसलेली असे. या सगळ्यात शाळांच्या केंद्राच्या गटावर निरोप झळकायचा, 'आजची ऑनलाइन उपस्थिती आताच भरावी, अत्यंत तातडीचे.' मग लिंक उघडायची, आकडे भरायचे, पावतीचा फोटो काढायचा आणि तो परत गटावर टाकायचा.

या शेवटच्या कामाकडे जरा थांबून पाहायला हवं, कारण माझ्या मते खरं दुखणं तिथे आहे. दीक्षा ॲपवर किती मुलांनी किती मिनिटं काय पाहिलं, दूरदर्शनवरची 'टिलीमिली' मालिका किती जणांनी पाहिली, किती पालकांकडे स्मार्टफोन, कितींकडे साधा फोन, कितींकडे काहीच नाही, पोषण आहाराचे तांदूळ-डाळ कुणाला पोचले, कुठल्या शिक्षकाचं कुठलं ऑनलाइन प्रशिक्षण किती टक्के झालं. यातली काही माहिती गरजेची होती. पण तीच माहिती केंद्रप्रमुख मागत, मग पंचायत समिती मागे, मग जिल्हा, आणि प्रत्येकाचा तक्ता वेगळा. शाळा बंद असताना शिक्षक काम करतोय याचा पुरावा हवा होता आणि पुरावा म्हणून फक्त अहवालच उरला होता.

काही शिक्षकांनी अंग चोरलं का? चोरलं. सकाळी यूट्यूबची लिंक गटावर ढकलायची आणि मोकळं व्हायचं, असं करणारे होते, आणि त्यांची बाजू मी घेणार नाही. पण त्यांचा आणि वर सांगितलेल्या बाईंचा त्या दिवशीचा अहवाल शेजारी शेजारी ठेवला असता तर दोन्ही सारखेच दिसले असते. पट इतका, उपस्थिती इतकी, अभ्यास दिला, होय. जी व्यवस्था या दोघांतला फरक ओळखू शकत नाही, तिनं कामचुकाराला वाचवलं आणि प्रामाणिक माणसाचा वेळ खाल्ला. लोकांचा राग या व्यवस्थेवर असता तर मी त्यांच्यासोबत उभा राहिलो असतो.

आता दुसरं वाक्य. ते खोडताना मला जास्त त्रास होतो, कारण ते आपल्याच माणसांचं आहे. शिक्षण सुरू होतं, हे म्हणणं कागदावर टिकतं, घराघरात टिकत नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या 75 व्या फेरीनुसार 2017-18 मध्ये देशातल्या ग्रामीण कुटुंबांपैकी साधारण 15 टक्के कुटुंबांत इंटरनेटची सोय होती. पुढच्या दोन-तीन वर्षांत फोन वाढले, पण फोन घरात असणं आणि तो मुलाच्या हाती असणं यांत किती अंतर आहे ते वर आलंच आहे. ऑगस्ट 2021 मध्ये अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वंचित वस्त्यांतल्या सुमारे 1,400 मुलांची पाहणी केली. ग्रामीण भागातली अवघी 8 टक्के मुलं नियमित ऑनलाइन शिकत होती आणि 37 टक्के मुलं अजिबातच शिकत नव्हती. महाराष्ट्र त्या पाहणीत होता. अझीम प्रेमजी विद्यापीठानं जानेवारी 2021 च्या सुमारास पाच राज्यांतल्या दुसरी ते सहावीच्या 16,067 मुलांना तपासलं, तर 92 टक्के मुलं भाषेतली किमान एक तरी आधी येत असलेली गोष्ट विसरली होती. म्हणजे नवं मिळालं नाही, एवढ्यावर भागलं नाही. हातचंही गेलं.

पहिलीच्या मुलांचं तर विचारूच नका. जून 2020 मध्ये ज्यांचं नाव पहिलीच्या हजेरीपटावर चढलं, त्यांच्यासाठी महाराष्ट्रातल्या ग्रामीण शाळांचे वर्ग 1 डिसेंबर 2021 ला उघडले. तोवर ती दुसरीत होती. पेन्सिल कशी धरायची, ओळीत कसं बसायचं, बाईंच्या तोंडाकडे पाहत अक्षराचा आवाज कसा काढायचा, हे कुठल्याही ॲपवर येत नाही. या मुलांचं शिक्षण सुरू होतं असं म्हणणं म्हणजे त्यांना नंतर 'ढ' ठरवण्याची तयारी करणं. कारण शिक्षण सुरू होतं असं मानलं, की तिसरीत वाचता न येणं हा त्या मुलाचा दोष ठरतो.

दहावीचं उदाहरण आणखी बोलकं. 2021 मध्ये परीक्षा रद्द झाली आणि नववीच्या निकालाचे 50, दहावीच्या अंतर्गत लेखी मूल्यमापनाचे 30 आणि तोंडी, प्रात्यक्षिक, गृहपाठाचे 20 असे गुण धरून निकाल लावायचा ठरला. शिक्षकांनी जुने कागद शोधले, तक्ते भरले. मुंबईतल्या शिक्षकांना तर त्या कामासाठी शाळेत पोचायला लोकलची परवानगी मिळवण्यापासून खटपट करावी लागली. निकाल लागला 99.95 टक्के. परिस्थितीत दुसरा मार्ग दिसत नव्हता, हे मला मान्य आहे. पण त्या आकड्यामागे शिक्षकांची महिनाभराची मेहनत होती आणि मुलांच्या शिकण्याबद्दल तो आकडा काहीच सांगत नव्हता. ती दोन वर्षं अशीच गेली. मेहनत भरपूर, आणि ती मुलापर्यंत पोचण्याऐवजी तक्त्यात जिरलेली.

मग माझं म्हणणं काय? शिक्षकांनी त्या काळात नेहमीपेक्षा जास्त काम केलं आणि त्या कामात शिकवण्याचा वाटा नेहमीपेक्षा कमी होता. ज्यांनी तो वाटा वाढवला, त्यांनी तो आदेशाची वाट न पाहता वाढवला. सोलापूरच्या निलमनगरात यंत्रमाग आणि विडी कामगारांच्या वस्तीत शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडे रंगवून घेतले, म्हणजे फोन नसलेलं मूलही जाता-येता वाचेल. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर कार्यकर्त्यांनी भोंग्यावरून पाठ ऐकवले. अनेक गावांत गुरुजी पाच-सहा मुलांना देवळाच्या ओट्यावर अंतरानं बसवून शिकवत. हातानं लिहिलेल्या कार्यपत्रिका रेशनच्या रांगेत पालकांच्या हाती देत आणि आठवड्यानं परत घेत. यात इंटरनेट लागत नव्हतं. लागत होती ती मुलाच्या घराची माहिती आणि स्वतः निर्णय घेण्याची मोकळीक. पहिली गोष्ट शिक्षकाकडे असतेच. दुसरी त्याला कुणी अधिकृतपणे दिली नाही. बऱ्याच जणांनी ओट्यावरचे वर्ग भीत भीत घेतले, कारण काही झालं तर जबाबदारी त्यांच्यावर येणार होती.

शिक्षक नालायक होते म्हणून मुलं मागे पडली, असं अजूनही कुणाला वाटत असेल तर त्यांनी ग्रामीण मुलांचं शिकणं तपासणाऱ्या 'असर' या पाहणीचे आकडे पाहावेत. तिसरीतल्या ज्या मुलांना दुसरीचा उतारा वाचता येतो त्यांचं देशाच्या ग्रामीण भागातलं प्रमाण 2018 मध्ये 27.3 टक्के होतं. 2022 मध्ये ते 20.5 वर घसरलं आणि 2024 मध्ये पुन्हा 27.1 वर आलं. घसरण झाली तेव्हा आणि भरपाई झाली तेव्हाही शिक्षक बहुतेक तेच होते, पगारही त्याच श्रेणीतले. मधल्या काळात वर्ग उघडले आणि बाकांमधून फेरी मारता येऊ लागली. मूळचे 27 टक्केही काही अभिमानानं सांगण्यासारखे नाहीत, पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

साथ गेली, तरी त्या काळात लागलेल्या सवयी गेल्या नाहीत. केंद्राचे गट तसेच आहेत, रात्री नऊला 'तातडीची माहिती' मागणारे निरोप तसेच येतात, फोटो काढून टाकण्याची सक्ती वाढलीच आहे. 'आम्हाला शिकवू द्या' ही घोषणा घेऊन शिक्षक रस्त्यावर आले, ते याच कारणानं. ती मागणी पगाराची नव्हती, तरी तिची बातमी पगाराच्या मागणीएवढीही गाजली नाही, याचं मला वाईट वाटतं.

करायचं ते अवघड नाही. माहिती एकदाच, एकाच ठिकाणी मागावी आणि वरच्या प्रत्येक कार्यालयानं ती तिथून घ्यावी. शाळेच्या वेळेनंतर आणि सुट्टीच्या दिवशी आलेल्या निरोपाला उत्तर देणं शिक्षकावर बंधनकारक नसावं. प्रत्येक जिल्ह्याच्या आपत्ती आराखड्यात शाळा बंद ठेवायची वेळ आल्यास कुठल्या वाडीतल्या मुलांना कुठल्या मोकळ्या जागेत, किती जणांच्या गटात शिकवायचं हे आधीच लिहिलेलं असावं आणि तो निर्णय अमलात आणणाऱ्या मुख्याध्यापकाच्या पाठीशी शिक्षणाधिकाऱ्यानं लेखी उभं राहावं. आणि अशा वेळी नाक्यावर, सर्वेक्षणाला, रेशनच्या रांगेवर माणसं पाठवायची झाली, तर त्या यादीतून पहिली आणि दुसरीच्या शिक्षकांची नावं सर्वांत आधी काढावीत.