परावलंबनाची नोंद

संगणकाची आज्ञावली ‘मुक्त’ आहे याचा अर्थ ती फुकट मिळते, असा समज आपल्या कार्यकर्त्यांतही आढळतो. ती वापरण्याचा, तिचे मूळ लेखन तपासण्याचा, त्यात फेरफार करण्याचा आणि ती इतरांना देण्याचा हक्क, हा तिचा खरा अर्थ. परंतु कोणतीही आज्ञावली एकटी चालत नाही. तिला इतर दहा आज्ञावल्यांचा आधार लागतो. त्यांतील एक जरी खासगी मालकीची असली, तरी वरचे सारे स्वातंत्र्य त्या मालकाच्या मर्जीवर राहते. कारखाना कामगारांच्या सहकारी संस्थेचा आणि यंत्राचा एक सुटा भाग मात्र मक्तेदाराचा, अशीच ही स्थिती होय.

हा प्रश्न डेबियन या स्वयंसेवकांच्या संघटनेने ज्या रीतीने हाताळला, तो अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही विचार करावयास लावणारा आहे. इयन मर्डॉक यांनी १९९३ साली सुरू केलेल्या या संघटनेने १९९७ साली एक ‘सामाजिक करार’ स्वीकारला. त्यानुसार तिच्या भांडाराचे ‘मेन’, ‘कॉन्ट्रिब’ आणि ‘नॉन-फ्री’ असे विभाग ठरले. यांपैकी ‘मेन’ म्हणजेच डेबियन; बाकीचे सोयीसाठी बाजूला ठेवलेले. माझ्या मते खरी सूक्ष्मता ‘कॉन्ट्रिब’मध्ये आहे. स्वतः मुक्त, परंतु अमुक्त वस्तूवाचून न चालणाऱ्या आज्ञावल्यांची ही जागा. ‘मेन’मधील पॅकेजला बाहेरच्या पॅकेजची गरज तर दाखविता येत नाहीच, पण त्याची शिफारसही करता येत नाही.

हा कर्मठपणा नव्हे. केडीई ही डेस्कटॉप-प्रणाली मुक्त होती, पण ती क्यूटी नावाच्या ज्या संचावर उभी होती तो मुक्त नव्हता, आणि दोहोंचे परवानेही परस्परविसंगत होते. डेबियनने १९९८ साली केडीई भांडारातून काढून टाकली. लोकप्रिय वस्तू नाकारल्याबद्दल टीका झाली. पर्याय म्हणून १९९७ मध्येच ग्नोमचे काम सुरू झाले होते. या साऱ्या दडपणानंतर सप्टेंबर २००० मध्ये क्यूटी जीपीएल परवान्याखाली आली.

२०२२ सालचा ठराव मात्र मला अर्धाच पटतो. वाय-फाय व ध्वनी यांची अनेक उपकरणे उत्पादकाचे अमुक्त फर्मवेअर भरल्यावाचून चालत नाहीत. ध्वनीच नसेल तर वाचून दाखविणाऱ्या आवाजावर विसंबणाऱ्या अंध माणसाने डेबियन बसवावे कसे? सभासदांनी मतदान करून असे फर्मवेअर अधिकृत संचात घेतले. २०२३ च्या डेबियन १२ मध्ये त्यासाठी ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ हा वेगळा विभागही झाला. गरजू माणसाला तत्त्वासाठी ताटकळत ठेवू नये, हे योग्यच. आणि नोंद वेगळी ठेवली, हे त्याहून योग्य.

आक्षेप आहे तो पुढच्या पायरीला. गरज भासल्यास ते फर्मवेअर आपोआप बसते, तो विभागही आपोआप चालू होतो. वापरणाऱ्याला माहिती मिळते, पण त्याची संमती आधी विचारली जात नाही. नकार देण्याची सोय आरंभीच्या पर्यायांत आहे. ती मुळात ठाऊक असणाऱ्यालाच सापडते. दर वेळी थांबून उपकरणाचे व उत्पादकाचे नाव दाखवावे आणि ‘घ्यावे की नाही’ असे सरळ विचारावे, एवढी दुरुस्ती डेबियनच्या सभासदांना अवघड नाही. त्यासाठी नवा ठराव लागत असेल, तर तोही मांडावा.